हवा कुठनं जातीया?

हातपंपाने सहा पौंड हवा भरली, व्हॉल्व्ह बंद केला आणि काट्याकडे बघत उकिडवा बसलो. टू-स्ट्रोक इंजिन धडधाकट असेल तर एवढी हवा सहा मिनिटं तरी आत मुकाट बसायला हवी. इथे काटा मिनिटभरात चारावर आला आणि दोन मिनिटं व्हायच्या आत दोनाखाली. कार्ब्युरेटरच्या जागी रबरी बूच, सायलेन्सर सोडवून तिथे दुसरं बूच, प्लग जागेवर घट्ट. म्हणजे हवा जात होती ती इंजिनातूनच. वाटीत भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून ठेवला होता. रंगाच्या जुन्या ब्रशने तो हेडच्या सांध्यावर लावला, काही नाही. सिलिंडरच्या बुडाशी लावला, काही नाही. इनटेकच्या रबराला लावला तेव्हा तीळभर बुडबुडे आले. मग मॅग्नेटचं झाकण काढून मागच्या बाजूला ब्रश घातला, आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस वर आला.

पोरगा शेजारी उभा होता. वय सतरा-अठरा. खिशात चारशे डॉलर, त्यातले बरेचसे लेट्यूसच्या शेतात पेट्या उचलून मिळवलेले. समोर त्याची 1998ची यामाहा ब्लास्टर, चार चाकांची, एका सिलिंडरची. मागचं मडगार्ड तारेने बांधलेलं.

“हेफे,” तो म्हणाला, “पाइप कधी बसवायचा?”

हेफे म्हणजे स्पॅनिशमध्ये साहेब. मी साहेब नव्हतो. अॅरिझोनातल्या युमा गावात क्वाड आणि डर्टबाइक दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मागच्या टेबलावर काम करणारा मेकॅनिक होतो. बायको नर्स, तिला इथल्या इस्पितळात नोकरी मिळाली म्हणून आम्ही आलो. मी कोल्हापुरात मशिन शॉपवर सुपरवायझर होतो. त्या अनुभवाला इथे कुणी विचारत नव्हतं. दुकानाच्या मालकाने मुलाखतीत एवढंच विचारलं, “टू-स्ट्रोक येतं?” त्याच्याकडची नवी पोरं सगळी फोर-स्ट्रोकवर वाढलेली, आणि वाळूत उडवायच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या तर रोज दारात येऊन पडत होत्या. मी म्हटलं, “तेवढंच येतं.”

ते आलं कोल्हापूरच्या उद्यमनगरात. डिप्लोमाची दोन वर्षं संध्याकाळी मी एका मेस्त्रींच्या गॅरेजवर जायचो. बाहेर पाटी नव्हती, असायच्या त्या ओळीने उभ्या आरएक्स हंड्रेड. 98 सीसीचं इंजिन, 50 मिलिमीटर बोअर आणि 50 स्ट्रोक, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 11 हॉर्सपॉवर. कोल्हापूरच्या पोरांना मात्र ते कायम पंधरा करून हवे असायचे आणि तेही शंभर रुपयांत. सायलेन्सरची पुंगळी काढून आलेला एखादा म्हणायचा, “मेस्त्री, आवाज वाढला, पण गाडी पळंना.” मेस्त्री विडी बाजूला ठेवून साबणाची वाटी मागवायचे. त्यांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही इंजिन खोलताना ते आधी कानात वाजतं. “आधी हवा कुठनं जातीया ते बघ. मग ताकद वाढीव.”

टू-स्ट्रोकमध्ये हे का महत्त्वाचं, हे पोराला त्या दिवशी मी मोडक्यातोडक्या इंग्रजी-स्पॅनिशमध्ये सांगायचा प्रयत्न केला. मराठीत सोपं जातं. फोर-स्ट्रोकमध्ये खालच्या क्रँककेसचं काम फक्त तेल सांभाळणं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली आला की तीच दाबली जाऊन ट्रान्सफर पोर्टातून वर सिलिंडरमध्ये जाते. आता क्रँकच्या टोकाला जे ऑइल सील असतं, ते पंचवीस-तीस वर्षांनी कडक झालं, त्याच्या ओठाला चीर गेली, की ओढण्याच्या वेळी तिथूनही हवा आत येते. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसते, म्हणून तिच्याबरोबर पेट्रोल नाही आणि पेट्रोलात मिसळलेलं तेलही नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं, धूर पांढरा येतो, वास येतो, माणूस सावध होतो. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर काहीच दिसत नाही. उलट काही दिवस गाडी जास्तच चपळ वाटते.

ही चपळाई काय असते ते मी स्वतः पाहिलेलं आहे आणि त्याची किंमतही भरलेली आहे.

दुकानात लागल्यावर पहिल्याच वर्षी मी स्वतःसाठी एक ब्लास्टर घेतली, सहाशे डॉलरला, घासाघीस करून. ही गाडी अमेरिकेत 1988 साली आली आणि 2006पर्यंत विकली गेली. ज्या साली ती आली त्याच साली तीनचाकी एटीव्हींची विक्री तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार बंद झाली, कारण त्या उलटून माणसं मरत होती. त्यामुळे हलक्या, स्वस्त, चार चाकांच्या स्पोर्ट गाडीला एकदम गिऱ्हाईक मिळालं. 195 सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन, सहा गिअर, किकशिवाय चालू करायचा दुसरा मार्ग नाही. गरिबाघरच्या पोरांची पहिली क्वाड म्हणजे ब्लास्टर, आपल्याकडे जशी सेकंडहँड आरएक्स.

मला एवढा अनुभव असून मी काय केलं, तर सगळ्यांनी केलं तेच. कुणाचा तरी काढून टाकलेला रेसिंग पाइप स्वस्तात मिळाला, तो बसवला. हवा मोकळी मिळावी म्हणून एअरबॉक्सचं झाकण काढलं. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारा जेट उद्या बदलू म्हटलं, कारण त्या रविवारी सगळे वाळूत निघाले होते. युमाच्या पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीत, चाळीस मैलांहून लांब वाळूचा पट्टा पसरलाय. काही टेकड्या तीनशे फूट उंच. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिथे लाखावर माणूस उतरतो. प्रत्येक गाडीला आठ फुटांवर झेंडा लावावा लागतो, म्हणजे टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला तो आधी दिसेल. पहिल्यांदा ते झेंडे हलताना पाहिले तेव्हा मला चैत्रातला जोतिबाचा डोंगर आठवला. सासनकाठ्याच जणू, फक्त गुलाल नाही आणि हलगीच्या जागी इंजिनं.

तिसऱ्या टेकडीवर चौथ्या गिअरात अंगठ्याखालचा थ्रॉटल पुरा दाबलेला होता. एकाएकी इंजिनाचा आवाज गोड झाला. खरखर गेली, सूर वर चढला, गाडीने अशी ओढ घेतली की मी हसलो. दुसऱ्याच क्षणाला मागची चाकं जागच्या जागी थांबली आणि मी हँडलवरून पुढे वाळूत. पिस्टन चिकटला होता. सिलिंडर खोलला तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनचं अॅल्युमिनियम लोण्यासारखं पसरून भिंतीला लागलेलं, वरची रिंग त्यात गाडली गेलेली. पुरेसं पेट्रोल नसलं की इंजिन मरायच्या आधी सगळ्यात छान पळतं, हे उद्यमनगरात मी दुसऱ्यांच्या गाड्यांवर शंभरदा पाहिलं होतं. पाच डॉलरचा जेट उद्यावर ढकलला आणि पिस्टन, रिबोअर, पॅकिंग धरून सव्वादोनशेला पडलं. गाडी वाळूतून दोन मैल ढकलत आणली ते वेगळं.

म्हणून पोराने पाइप विचारला तेव्हा मी त्याला आधी माझा तो पिस्टन दाखवला. तो अजून माझ्या टेबलावर असतो, मी त्यात पेनं ठेवतो.

त्याला चढायची होती ओल्ड्समोबाइल हिल, वाळूच्या पट्ट्यातली नावाजलेली टेकडी. त्याच्या मावसभावाकडे नवी साडेचारशे सीसीची फोर-स्ट्रोक होती. साडेचारशेच्या बरोबरीने ब्लास्टर चढणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. “पण चढेल?” “चढेल.” एवढ्यावर सौदा झाला. काम दुकान बंद झाल्यावर, मजुरी नाही. मालकाची हरकत नव्हती, फक्त वीज बंद करून जा म्हणाला. मजुरीपोटी पोराचे वडील दर शनिवारी लेट्यूसची एक पेटी आणून ठेवायचे. बायकोने त्याची कांद्याच्या पातीसारखी पीठ पेरून भाजी केली आणि ती वाईट लागली नाही.

पहिल्या संध्याकाळी मॅग्नेट काढला. आधीच्या कुणीतरी तो हातोडीने काढायचा प्रयत्न केलेला, कडेला घाव. पुलर वीस डॉलरचा मिळतो, पण हातोडी घरात असते ना. स्टेटरची प्लेट काढल्यावर मागचं सील दिसलं. आत शाफ्टला ओरखडा न पडता ते काढायची साधी रीत आहे. सीलच्या पत्र्याला बारीक छिद्र पाडायचं, खोल जाऊ द्यायचं नाही, त्यात छोटा स्क्रू अर्धा पिळायचा आणि पक्कडीने स्क्रू धरून ओढायचं. सील टपकन बाहेर आलं. पोराच्या तळहातावर ठेवलं आणि त्याला आतला ओठ नखाने वाकवायला सांगितलं. रबर वाकलं नाही, मोडलं. तो तुकडा त्याने बराच वेळ बोटांत फिरवला. त्यानंतर पाइपचं नाव त्याने दोन दिवस काढलं नाही.

नवं सील, इनटेकचं नवं रबर, पॅकिंगं. मग कॉम्प्रेशन बघितलं. 95 पौंड. सिलिंडर दमला होता. 66 मिलिमीटरचा मूळ बोअर आधीच एकदा वाढवलेला, तो आणखी पाव मिलिमीटर वाढवून नवा पिस्टन बसवला. फोर्ज केलेला पिस्टन घेतला तर तो तापल्यावर ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरशी फट जास्त ठेवावी लागते, आणि गाडी थंड असताना रेस दिली तर चारी कडांनी चिकटतो. बोअर करणाऱ्याला पिस्टन हातात दिल्याशिवाय मी सिलिंडर सोडत नाही. ही सवय मेस्त्रींची. “पिस्टन बघितल्याबिगर बोअर केला, तर न्हवरी बघितल्याबिगर लगीन,” असं ते म्हणायचे. त्यांचं स्वतःचं लग्न तसंच झालं होतं, हे त्यांच्या बायकोने एकदा चहा देताना सगळ्यांसमोर सांगितलं.

इथपर्यंत दोनशेपंधरा डॉलर गेले आणि ताकद वाढवणारी एकही वस्तू लागलेली नव्हती. पोराच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. त्या संध्याकाळी गाडी फक्त चालू करून अंगणात फिरवली. तो एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “ही माझीच गाडी आहे?” कंपनीने जी ताकद दिली होती तीच परत मिळालेली. त्याने ती गाडी घेतल्यापासून कधी पाहिलीच नव्हती.

पुढचं काम फुकटातलं, हेडचं. पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याची कड आणि हेडची कड यांत जी चपटी फट राहते तिला आम्ही स्क्विश म्हणतो. मोजायला सोल्डरची जाड तार घ्यायची, प्लगच्या भोकातून दोन बाजूंनी कडेपर्यंत घालायची, पिन ज्या रेषेत असते त्या रेषेत, आणि मॅग्नेट हाताने फिरवून पिस्टनला ती चेपू द्यायची. चेपलेलं टोक व्हर्निअरने मोजायचं. 1.7 मिलिमीटर आलं. खूपच सैल. फट एवढी मोठी असली की कडेचं मिश्रण मधे फेकलं जात नाही, आळसावून जळतं. दुकानातल्या मिलिंग मशिनवर दहा मिनिटांत झालं असतं, पण मला पोराकडून करून घ्यायचं होतं. जाड काच आडवी ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला, रॉकेल टाकलं आणि हेड पालथं धरून आठच्या आकड्यात घासायला लावलं. दर शंभर फेऱ्यांनी हेड पाव वळण फिरवायचं, नाहीतर एका अंगाला उतार होतो. तीन संध्याकाळी तो घासत होता. हेडचा खोलगट भाग मी कार्बाइडच्या बिटने थोडा मोकळा केला, म्हणजे फट कमी झाली तरी कॉम्प्रेशन बेताबाहेर जाऊ नये. शेवटी तार 1.1 मिलिमीटर चेपली. तिथे थांबलो. आणखी घासून 0.9 करता आलं असतं, पण पेट्रोल पंपावर मिळतं ते 91 ऑक्टेन, आणि वाळूत इंजिनाला दम खायला उतार कधी मिळत नाही. ठिणगीचं टायमिंगही त्याच कारणाने हलवलं नाही. स्टेटरची प्लेट चार अंश पुढे सरकवली की गाडी खालून झटका देते, सगळे करतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वाळूच्या चढावर तो झटका महाग पडतो, असं माझं मत. मालकाचं मत वेगळं आहे आणि त्याच्या गाड्याही पळतात.

एअर फिल्टरचं एका वाक्यात सांगतो. कोरडा फिल्टर म्हणजे सिलिंडरमध्ये वाळूचा पॉलिश पेपर. त्याला चिकट तेल लावायचं आणि वरून बायकांचा नायलॉनचा पायमोजा चढवायचा. पोराने बहिणीचा चोरून आणला.

एक गोष्ट त्याला काढून टाकायची होती, ती मी काढू दिली नाही. यामाहाने या गाड्यांत एक सुरक्षा यंत्रणा दिली होती. अंगठा सोडला तरी कार्ब्युरेटरची स्लाइड वर अडकून राहिली, तर ती इंजिनाची ठिणगी अडवते. तिची वायरिंग जुनी झाली की ती उगाच मधेच गाडी अडवते, म्हणून बहुतेक जण कात्री लावतात. माझ्या गाडीवर मीही लावली होती. पण त्याची थ्रॉटल केबल आतून फुटलेली होती, तारेचे दोन धागे उभे. केबल बदलली, दोन्ही स्विच साफ केले आणि मनगटाला दोरी बांधायचा किल-स्विच बसवला. यंत्रणेने पुन्हा त्रास दिला नाही.

मग पाइप. शंभर डॉलरला वापरलेला मिळाला, एक पोचा होता, वेल्डिंगच्या दुकानात पाण्याच्या दाबाने तो बाहेर काढला. टू-स्ट्रोकच्या या फुगीर पाइपबद्दल लोकांना वाटतं की धूर मोकळा गेला म्हणजे ताकद वाढली. पुंगळी काढणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांचाही हाच समज. खरं काम धूर अडवायचं आहे. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची एक लाट पाइपात शिरते. पाइप जिथे रुंद होत जातो तिथून एक उलटी, ओढणारी लाट परत येते. ती सिलिंडरमधला जळका वायू खेचून काढते आणि मागोमाग थोडं ताजं मिश्रणही बाहेर येतं. पाइप पुन्हा अरुंद होतो तिथून दुसरी, ढकलणारी लाट परत फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत ते बाहेर आलेलं मिश्रण पुन्हा आत लोटते. सगळा खेळ वेळेचा. म्हणून पाइप एका ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच जादू करतो. त्याच्या खाली गाडी मेल्यासारखी आणि तिथे पोचली की अंगात आल्यासारखी.

ही विद्या 1950च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेडच्या मोटरसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन या इंजिनिअरने पक्की केली. पैसा नाही, चांगलं पोलाद नाही, आणि 1961 साली त्याचं 125 सीसीचं इंजिन 25 हॉर्सपॉवर देत होतं, म्हणजे लिटरला दोनशे. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीनंतर पळून पश्चिमेकडे गेला आणि काडेनची गुपितं सुझुकीला मिळाली. पुढच्या वर्षी 50 सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीवर डेगनरनेच घेतलं. कमी पैशात ताकद काढणाऱ्यांचा काडेन हा माझ्या लेखी गणपती आहे, पहिला नमस्कार त्याला. पोराला ही गोष्ट पाइपपेक्षा जास्त आवडली. “म्हणजे पाइप चोरीचा आहे,” तो म्हणाला.

पाइप बसवला की जेट. इथे घाई नाही. मुळात आत 230चा मेन जेट होता. मी 290चा टाकला, मुद्दाम जास्त. पेट्रोल जास्त झालं तर गाडी भकभक करते, प्लग काळा होतो, नुकसान वीस मिनिटांचं. कमी झालं तर काय होतं ते पेनस्टँडमध्ये दिसतं. त्याने बाटलीवर लिहिलेलं वाचून पेट्रोलात तेल वाढवलं होतं, जरा जास्त सुरक्षित म्हणून. मी ते ओतून टाकलं. तेल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, म्हणजे ज्याला भ्यायचं तेच घडतं. एका गॅलनला चार औंस, 32ला 1. वडिलांच्या चेतकमध्ये पंपावरचा माणूस ते छोटं माप उपडं करायचा, त्या वासासकट मला हा हिशेब पाठ आहे, फक्त प्रमाण वेगळं.

युमात एक सोय आहे. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मीटरवर, वाळूचा पट्टाही फार उंचावर नाही, त्यामुळे गावात बसलेला जेट तिथे चालतो. एकदा एक जण इथे लावून घेतलेली गाडी 2100 मीटरवरच्या फ्लॅगस्टाफला घेऊन गेला आणि फोनवर ओरडला की गाडी चालतच नाही. तिकडे हवा विरळ, त्याच जेटला पेट्रोल जास्त. उलट नोव्हेंबरची वाळवंटातली रात्र गार असते, हवा दाट होते, दुपारी बरोबर असलेला जेट रात्री कमी पडू शकतो. म्हणून मी रात्रीसाठी जेट लावतो.

रीत अशी. नवा प्लग लावायचा. गाडी आधी नीट गरम करायची. मग मोकळ्या पट्ट्यावर चौथ्या गिअरात अंगठा पुरा दाबून जायचं आणि तशाच दाबलेल्या अवस्थेत दोरी ओढून इंजिन बंद करायचं, क्लच धरायचा, घरंगळत थांबायचं. हळूहळू वेग कमी करून थांबलात तर प्लगवर शेवटच्या सावकाश चालीचा रंग येतो, तो खोटा. 290ला प्लग ओला आणि काळा आला. 280ला कडेला काजळी. मेस्त्री रंग चहावरनं सांगायचे. कोरा चहा म्हणजे पेट्रोल जास्त, दूध दूध म्हणजे पेट्रोल कमी आणि पळ. मधला पाहिजे तो एसटी स्टँडवरचा, कडक, दूध बेताचं. पोराला एसटी स्टँड सांगून उपयोग नव्हता. मी त्याला माझ्या थर्मासमधला चहा पाजला आणि म्हटलं, हा रंग लक्षात ठेव.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही निघालो. त्याचा मावसभाऊ, मालक, मी. इंजिनात 270चा जेट, खिशात 290, 280 आणि 260चे, हातरुमालात गुंडाळून. ओल्ड्समोबाइलच्या पायथ्याशी संध्याकाळी गाड्यांची जत्रा असते, खुर्च्या टाकून म्हातारी माणसं बघत बसलेली. आमच्या शेजारी कुणीतरी एक बॅनशी लावली होती, यामाहाचीच, दोन सिलिंडरांची. या गाडीशी माझं जुनं नातं आहे. दुकानात पहिल्यांदा बॅनशीचं इंजिन माझ्यापुढे आलं तेव्हा पिस्टनला व्हर्निअर लावला आणि थबकलो. 64 मिलिमीटर, स्ट्रोक 54. राजदूत साडेतीनशेची हीच मापं, 347 सीसी. एस्कॉर्ट्सने 1980च्या दशकात यामाहाची आरडी 350 आपल्याकडे त्या नावाने काढली होती, आणि मेस्त्रींकडे ती यायची तेव्हा गल्लीतली सगळी कामं थांबायची. बॅनशी पाण्यावर थंड होते, राजदूत वाऱ्यावर, पण घराणं एकच. बॅनशीच्या मालकाला मी हे सांगू लागलो. त्याने बियर पुढे केली आणि राजदूत म्हणजे काय ते विचारलं नाही.

पोरगा पहिल्यांदा चढला तो दोनतृतीयांश. तिथे इंजिन पाइपच्या टप्प्याखाली घसरलं, गाडी वाळूत बसली, तो वळवून खाली आला. दुसऱ्यांदा तेच, त्याच जागी, मावसभाऊ तोवर तीनदा वर जाऊन आलेला. पोराने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि कुणाकडे बघेना. “आता पोर्टिंग?” त्याने विचारलं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की सिलिंडरची पोर्टं कोरली की सगळं सुटतं. कोरायला तीनशे डॉलर पडतात, आणि चुकीचं कोरलं तर सिलिंडर भंगारात.

मी गाडीखाली पडून पुढचं साखळीचं चक्र मोजलं. त्याच्यापेक्षा एक दात कमी असलेलं मी घरून निघताना पिशवीत टाकलं होतं, वीस डॉलरचं. वाळूची वल्ह्यासारखी टायरं मागे लावली की चाकांवरचा बोजा वाढतो, दोन गिअरांमधली उडी इंजिनाला झेपत नाही. तिसऱ्यात ते किंचाळतं, चौथ्यात मरतं. एक दात कमी केला की चौथा गिअर थोडा खाली येतो आणि इंजिन लाटेवर राहतं. ताकद कणभरही वाढत नाही. विजेरी तोंडात धरून नट सोडला, चक्र बदललं, साखळी ताणली. वीस मिनिटं. पोरगा वाकून बघत होता आणि मला वाटतं त्याला ते पटलं नव्हतं.

तिसऱ्यांदा तो निघाला तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. त्याचा झेंडा दिसेना, फक्त काठीच्या टोकाला लावलेला लाल दिवा. आम्ही आवाजावर लक्ष ठेवून. दुसरा, तिसरा, चौथा. जिथे दोनदा बसला होता तिथे सूर किंचित खाली आला, तिथेच रेंगाळला, आणि मग हळूहळू वर जायला लागला. मी मालकाचा दंड धरला होता, कारण आवाज जरा जास्तच स्वच्छ वाटत होता आणि मला तो रविवार आठवत होता. लाल दिवा वर वर गेला, माथ्यावर पोचला आणि थांबला.

खाली आल्यावर तो ओरडत होता, मावसभाऊ त्याच्या पाठीत थापा मारत होता. मी त्याला इंजिन चालू करू दिलं नाही. वर दाबलेल्या अंगठ्यावरच दोरी ओढायला सांगितलं होतं, ते त्याने लक्षात ठेवलं होतं, वरून तो घरंगळत उतरला होता. हातमोजा घालून प्लग सोडवला. चटका बसत होताच. विजेरी मालकाने धरली, पोरगा दोघांच्या मधून डोकं घालून.

“चहा?” त्याने विचारलं.

मी प्लग फिरवून फिरवून पाहिला. एका बाजूला दूध जरा जास्त झालं होतं. हातरुमाल सोडला आणि 270च्या जागी पुन्हा 280 टाकायला कार्ब्युरेटरची वाटी उघडली.